पाण्याखालची नोंदवही

डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. किती खोल गेला होतात? किती वेळ पाण्याखाली होतात? आणि वर येताना किती वेगानं आलात?

समोरच्या खुर्चीवर माझा शाळेपासूनचा मित्र उजवा खांदा धरून बसला होता. आम्ही दोघं अंदमानला स्कूबा डायव्हिंगसाठी गेलो होतो. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात उतरायचं आणि प्रवाळ, मासे पाहत पाऊण तास तरंगत राहायचं, असा हा छंद. आम्हाला तो लागला पंचेचाळिशीनंतर, तारकर्लीला. उशिरा लागलेला छंद माणसाला जरा जास्तच धरून ठेवतो. अंदमानात आम्ही तीन दिवसांत सहा वेळा पाण्यात उतरलो. सहावी डाइव्ह दुपारी संपली आणि तासाभरात ह्याचा खांदा ठणकायला लागला. आधी वाटलं, सिलिंडर उचलताना लचकला असेल. पण हात हलवला तरी दुखणं तेवढंच आणि मांडीवर ठेवला तरी तेवढंच. आमच्याबरोबरच्या प्रशिक्षकानं हे ऐकलं, फार न बोलता ऑक्सिजनचा मास्क त्याच्या तोंडावर चढवला आणि आम्हाला डॉक्टरांकडे आणलं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. डायव्हरच्या मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र असतं, त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. त्याच्या पडद्यावर दिसत होतं : जास्तीत जास्त खोली २२.६ मीटर, वेळ ४४ मिनिटं. तिसऱ्या प्रश्नाला मी म्हणालो, "हळूच आलो, डॉक्टर. नेहमीसारखे. वर येण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलोही."

"हे यंत्रात आहे, की तुम्हाला आठवतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

यंत्रात होतं. दर चार सेकंदांची खोली त्यानं नोंदवून ठेवलेली होती. पण ती पाहायची तर यंत्र केबलनं संगणकाला जोडावं लागतं आणि ते बनवणाऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम लागतो. तो प्रोग्रॅम माझ्या जुन्या लॅपटॉपवर होता. लॅपटॉप बदलला तेव्हा नव्या विंडोजवर तो चालेना. माझ्या मॉडेलसाठी नवा प्रोग्रॅम काढणं कंपनीनं थांबवलं होतं. दोन वर्षं मी 'बघू कधीतरी' म्हणत होतो. त्यामुळे डॉक्टरांना मी दिलं ते उत्तर आठवणीतलं होतं.

मित्राला पुढे दाबकक्षात ठेवून उपचार झाले. दुसऱ्या दिवशीचं विमान अर्थातच रद्द झालं. तो पूर्ण बरा झाला. पण डॉक्टरांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पुण्याला परतल्यावर मी त्या नोंदीचा माग काढायचं ठरवलं. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे. ऐकणाऱ्यांपैकी फार थोडे समुद्रात उतरत असतील, याची मला कल्पना आहे. पण आपलीच नोंद आपल्याला वाचता न येणं हा अनुभव पाण्याबाहेरही पुष्कळांना येतो.

आधी वर येण्याच्या वेगाचं एवढं महत्त्व का, ते पाहू. जमिनीवर आपल्यावर हवेचा दाब साधारण १ बार असतो. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की त्यात आणखी १ बारची भर पडते. म्हणजे २० मीटरवर तो ३ बार होतो. सिलिंडरमधली हवाही त्याच दाबानं फुप्फुसात येते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो आपलं काही बरंवाईट करत नाही. पण दाब वाढला की तो रक्तात आणि शरीरातल्या ऊतींमध्ये जास्त प्रमाणात विरघळतो. खोली जितकी जास्त आणि वेळ जितका जास्त, तितका नायट्रोजन अधिक.

आता गोळी सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. बाटली बंद असते तोवर पाणी शांत असतं. गोळी आत ढकलली की फसकन बुडबुडे येतात, कारण दाब एकदम उतरतो आणि विरघळलेला वायू बाहेर पडतो. डायव्हर झपाट्यानं वर आला तर त्याच्या शरीरात याच तऱ्हेचे बुडबुडे होऊ शकतात. ते सांध्यांत दुखतात. मज्जारज्जूत किंवा मेंदूत गेले तर माणूस कायमचा अपंग होऊ शकतो. हळूहळू वर आलं तर जादा नायट्रोजन श्वासावाटे निघून जायला वेळ मिळतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणून डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नाही. ओळीनं काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास थांबावं असं सांगितलं जातं. आणि त्रास सुरू झालेला असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय बसायचंच नाही.

हे गणित प्रथम नीट मांडलं जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञानं. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ साली पाणबुड्यांसाठी तक्ते प्रसिद्ध केले. हॉल्डेन हे नाव आपल्याला वेगळ्या कारणानं परिचित असेल. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. पुढे झुरिचचे डॉक्टर ब्यूलमान यांनी हे गणित बरंच पुढे नेलं. त्यांच्या नमुन्यात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे आहेत. काही कप्पे नायट्रोजननं भराभर भरतात आणि भराभर रिकामे होतात, तर काहींना फार वेळ लागतो. सगळ्यांत चपळ कप्पा चार मिनिटांत अर्धा भरतो, सगळ्यांत संथ कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात. मनगटावरचं यंत्र पाण्याखाली असताना दर काही सेकंदांनी असलीच आकडेमोड करत असतं आणि 'आता इतकी मिनिटं इथे थांबता येईल' असं सांगत असतं. १९८० च्या दशकात अशी यंत्रं बाजारात आली आणि त्यानंतर कागदी तक्ते मागे पडत गेले.

मात्र त्यामुळे एक गंमत झाली. पूर्वी डायव्हर पाण्याबाहेर आला की वहीत स्वतःच्या हातानं खोली, वेळ, पाण्याचं तापमान लिहायचा. आता ते यंत्र लिहितं, आणि कितीतरी बारकाईनं लिहितं. पण ते यंत्राच्या भाषेत लिहितं. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, आणि पुष्कळ कंपन्या ती कुणाला सांगत नाहीत. शिवाय यंत्राची स्मृती मर्यादित असते. ती भरली की सगळ्यांत जुन्या डाइव्हवर नवी लिहिली जाते. म्हणजे माझी ती अंदमानची नोंद घड्याळात सुरक्षित होती, पण कायमची नव्हती.

शोधता शोधता मला सबसरफेस नावाचा एक प्रोग्रॅम सापडला. त्याच्या जन्माची कथा मजेदार आहे. लिनस टोरवाल्ड्स हे नाव संगणकाशी संबंधित मंडळींना ठाऊक असतं. १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना त्यानं लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा लिहिला. आज इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर आणि आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात. हा गृहस्थ डायव्हिंगचा शौकीन. २०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सची मूळ संहिता ठेवलेल्या सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसखोरी केली आणि दुरुस्तीसाठी ते काही आठवडे बंद ठेवावे लागले. टोरवाल्ड्सला सक्तीची उसंत मिळाली. लिनक्सवर डाइव्हच्या नोंदी ठेवायला धड प्रोग्रॅम नाही ही त्याची जुनी तक्रार होती. ती त्यानं स्वतःच निवारली. पुढच्या वर्षी डर्क होन्डेल या दुसऱ्या जुन्या लिनक्सकारानं, तोही डायव्हरच, देखभालीची धुरा घेतली आणि दीर्घकाळ वाहिली. देशोदेशीच्या डायव्हरांनी, प्रोग्रॅमरांनी, भाषांतरकारांनी त्यात भर घातली.

कंपन्यांच्या बंद भाषा उलगडायचं काम मात्र आणखी एका प्रकल्पानं केलेलं आहे. त्याचं नाव लिबडाइव्हकॉम्प्युटर. येफ ड्रीसेन या प्रोग्रॅमरनं सुरू केलेला. केबलमधून जाणाऱ्या आकड्यांचा माग काढत काढत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी शेकडो मॉडेलांशी बोलायची तऱ्हा बसवली. सबसरफेस पडद्यावर जे सुरेख आलेख दाखवतं, त्याच्या मुळाशी हे दुभाष्याचं काम आहे.

सबसरफेस ओपन सोर्स आहे, म्हणजे मुक्त स्रोत. हा शब्द आपण ऐकतो, पण नेमकं काय ते पटकन ध्यानात येत नाही. मी माझ्या आईला तो असा समजावला. दुकानातून चकलीचं पाकीट आणलं, तर चकली खायला मिळते. त्यात धने कमी वाटले तर आपण काहीही करू शकत नाही, आणि दुकानदारानं ती चकली ठेवणं बंद केलं की संपलं. पण शेजारच्या काकूंनी भाजणीचं प्रमाण लिहून दिलं, तर चकली घरी करता येते, तिखट वाढवता येतं, प्रमाण मुलीला देता येतं. काकू गाव सोडून गेल्या तरी चकली बंद पडत नाही. प्रोग्रॅमचं हे 'प्रमाण' म्हणजे मूळ संहिता, सोर्स कोड. मुक्त स्रोतात ती सर्वांना खुली असते. सबसरफेसचा परवाना तर असा आहे, की तुम्ही ते बदलून दुसऱ्याला दिलंत तर बदललेली संहिताही त्याला द्यावी लागते. काकूंचं प्रमाण घ्यायचं आणि आपलं मात्र लपवायचं, असं चालत नाही.

आई म्हणाली, "मग भाजणी दळून कोण देतं?" प्रश्न अगदी बरोबर होता. नुसतं प्रमाण हातात असून भागत नाही. धान्यं आणायची, भाजायची, गिरणीत न्यायची. संगणकात याला बिल्ड करणं म्हणतात. माणसाला वाचता येणारी संहिता कंपायलर नावाच्या गिरणीत घालायची, की संगणकाला कळणारा प्रोग्रॅम बाहेर येतो.

हे दळण प्रत्येकानं घरी करायलाच हवं असं मुळीच नाही. विंडोज आणि मॅकसाठी सबसरफेसचं तयार पाकीट मिळतं, लिनक्ससाठीही एका फाइलमध्ये बांधलेली तयार आवृत्ती असते, फोनसाठी वेगळी आवृत्ती आहे. सगळं विनामूल्य. नव्वद टक्के लोकांनी तेच घ्यावं असा माझा सल्ला आहे. मी दळायला बसलो, कारण माझ्या मॉडेलची एक अडचण दूर करणारी दुरुस्ती संहितेत आलेली होती, पण तयार आवृत्तीत अजून यायची होती. आणि थोडी खुमखुमीही होती, खोटं कशाला बोलू?

घरी लिनक्सचा एक संगणक होता. पहिलं काम, संहिता उतरवून घेणं. यासाठी गिट नावाचं साधन वापरतात. तेही टोरवाल्ड्सनंच २००५ साली लिहिलेलं. गिटचं वैशिष्ट्य असं, की संहितेबरोबर तिचा सगळा इतिहासही येतो. कोणी, केव्हा, कुठली ओळ बदलली आणि का बदलली, सगळं. मी गंमत म्हणून अगदी पहिली नोंद काढून पाहिली, २०११ सालची. जुन्या घराच्या कोनशिलेसारखी ती तिथे होती.

दुसरं काम, बाकीचं सामान. कोणताही मोठा प्रोग्रॅम सगळंच स्वतः करत नाही. खिडक्या, बटणं, आलेख काढायला सबसरफेस क्यूटी नावाचा साधनसंच वापरतं. नोंदीची फाइल वाचायला एक लायब्ररी, ती दाबून छोटी करायला दुसरी, यूएसबी आणि ब्लूटूथसाठी आणखी निराळ्या. हे सगळं आपल्या संगणकावर आधी असावं लागतं. कोणकोणतं लागतं त्याची यादी संहितेबरोबरच्या 'इन्स्टॉल' नावाच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. मी ती यादी वरवर वाचली आणि थेट बांधणी सुरू केली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल न वाचणाऱ्यांची जी गत होते ती माझी झाली. पाच मिनिटांत काम थांबलं. म्हणे एक लायब्ररी सापडत नाही. मी तपासलं, तर ती संगणकावर होती!

इथे माझी अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून मुद्दाम सांगतो. लिनक्सवर बहुतेक लायब्रऱ्या दोन भागांत मिळतात. एक भाग प्रोग्रॅम चालवायला लागतो, दुसरा प्रोग्रॅम बांधायला. या दुसऱ्या भागाच्या नावाला शेवटी 'डेव' असं शेपूट असतं. माझ्याकडे पहिला होता, दुसरा नव्हता. गिरणीवाल्यानं पीठ मागितलेलं नसतं, त्याला धान्य हवं असतं, तशातला प्रकार. शेपटाचे सगळे भाग यादीबरहुकूम घातल्यावर गाडी पुढे सरकली.

त्यानंतरचं काम एक छोटी आज्ञावली आपणहून करते. ती आधी लिबडाइव्हकॉम्प्युटर बांधते, मग नकाशा दाखवणारा भाग, आणि शेवटी सबसरफेस. सीमेक नावाचं साधन तुमच्या संगणकावर काय आहे, काय नाही, हे तपासून कामाचा आराखडा करतं. मग कंपायलर एकेक फाइल घेऊन दळत सुटतो. पडद्यावर ओळी सरकत राहतात. अधूनमधून ताकीद देणारी एखादी ओळ येते, तिला घाबरायचं नाही. 'एरर' हा शब्द दिसला तर मात्र थांबायचं. आणि सगळ्यांत खालची एरर वाचण्याऐवजी सगळ्यांत पहिली वाचायची. बाकीच्या बहुधा तिची पिलावळ असते. वीसेक मिनिटांनी दळण संपलं. प्रोग्रॅम उघडला. निळ्या रंगाची मोकळी खिडकी समोर आली.

आता घड्याळ जोडायचं. केबल लावली, उत्पादकाचं नाव आणि मॉडेल निवडलं, 'डाउनलोड' दाबलं. उत्तर आलं : परवानगी नाही. म्हटलं, घ्या! माझंच घड्याळ, माझाच संगणक, आणि मलाच परवानगी नाही. कारण साधं निघालं. जुन्या डाइव्ह कॉम्प्युटरची केबल संगणकाच्या दृष्टीनं मोडेमसारखी असते. आणि लिनक्समध्ये मोडेम वापरायची मुभा 'डायल-आउट' नावाच्या गटातल्या सभासदांनाच असते. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडताना घरभर किरकिर आवाज यायचा, त्या काळातलं हे नाव अजून टिकून आहे. एका ओळीच्या आज्ञेनं मी स्वतःला त्या गटात घातलं, एकदा बाहेर पडून पुन्हा आत आलो, आणि केबलवरचा दिवा लुकलुकायला लागला.

घड्याळातून ४७ डाइव्ह उतरल्या. जुन्या लॅपटॉपची डिस्क कपाटात होती, तिच्यावर कंपनीच्या प्रोग्रॅमची फाइल सापडली. इतर प्रोग्रॅमांच्या बऱ्याच फाइली सबसरफेसला वाचता येतात, तशी हीसुद्धा आली. तिच्यात ८४ डाइव्ह होत्या. १२ दोन्हीकडे होत्या, त्या तारीख-वेळ जुळवून एकत्र झाल्या. एकूण ११९. माझ्या कागदी वहीत १२३ आहेत. चार कुठे गेल्या ते कळलं नाही.

यादीतून मी ती अंदमानची सहावी डाइव्ह उघडली. सबसरफेस डाइव्हचा आलेख काढतं. आडवा अक्ष वेळेचा, उभा खोलीचा, रेघ खाली जाते आणि पुन्हा वर येते. चढण्या-उतरण्याच्या वेगाप्रमाणे त्या रेघेचा रंग बदलतो. संथ असेल तिथे हिरवी, वेग वाढला की पिवळी, नारिंगी, आणि धोकादायक झाला की लाल. पहिली ४० मिनिटं रेघ हिरवी होती, कुठे जराशी पिवळट. एकेचाळिसाव्या मिनिटानंतर एक उभी लाल रेघ होती. १४ मीटरपासून ५ मीटरपर्यंत, २४ सेकंदांत. हिशेब केला तर मिनिटाला साडेबावीस मीटर होतात. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यांतली मर्यादा मिनिटाला ३० फूट आहे, म्हणजे सुमारे ९ मीटर. मी अडीचपट वेगानं आलो होतो. आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबल्याचं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, तिथे आलेखात एक मिनिट दहा सेकंद होते.

मी खुर्चीत मागे टेकून बसलो. मग हळूहळू आठवायला लागलं. मित्रानं हवा कमी असल्याची खूण केली होती. मी त्याच्या सिलिंडरचा काटा पाहिला, धास्तावलो, त्याच्या दंडाला धरलं आणि निघालो. यंत्रानं धोक्याची घंटा वाजवली असेलच. बोटीच्या इंजिनाच्या आवाजात मला ती ऐकू आली नाही. त्याच्याकडे त्या दिवशी स्वतःचं यंत्र नव्हतं. तो माझ्या यंत्राच्या भरवशावर, म्हणजे माझ्या भरवशावर होता. प्रत्येक डायव्हरच्या मनगटावर स्वतःचं यंत्र हवं हा नियम आम्ही दोघंही शिकलेलो होतो.

मी डॉक्टरांशी खोटं बोललो नव्हतो. मला खरोखर तसंच आठवत होतं. घाबरलेल्या माणसाला २४ सेकंद दोन मिनिटांसारखे वाटतात, आणि नंतर आठवणही त्या वाटण्यालाच धरून राहते.

दुसऱ्या दिवशी मी आलेखाचा कागद छापून मित्राच्या घरी गेलो. "हे बघ, तुझ्या खांद्याचं कारण बहुतेक मी आहे," असं म्हणायचं ठरवून गेलो होतो, तसंच म्हणालो. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. म्हणाला, "अरे, हवा संपेपर्यंत काटा न बघणारा मी, आणि कारण तू होय?" मग वहिनींनी चहा आणला आणि विषय थोडा हलका झाला. इथे एक खुलासा करायला हवा. त्या लाल रेघेमुळेच त्याला त्रास झाला, असं छातीवर हात ठेवून कुणीही सांगू शकत नाही. सगळे नियम पाळूनही कधी कधी हा त्रास होतो, आणि नियम मोडूनही पुष्कळ जण सुटतात. पण आम्ही काय केलं, ते आता आमच्यासमोर कागदावर होतं.

त्या आलेखाची प्रत मी डॉक्टरांनाही पाठवली. उत्तरात त्यांनी कळवलं, की फाइलमध्ये लावून ठेवली आहे.

तेव्हापासून मी दर डाइव्हनंतर नोंद उतरवून घेतो आणि त्यात आणखी दोन-चार गोष्टी भरतो. सिलिंडरचं आकारमान, सुरुवातीचा दाब आणि शेवटचा दाब भरला, की सबसरफेस हवा किती लागते ते काढून देतं. उदाहरण सांगतो. सिलिंडर ११.१ लिटरचा. दाब २०० बारवरून ६० वर आला, म्हणजे १४० बार खर्च, म्हणजे सुमारे १,५५४ लिटर हवा. सरासरी खोली ११ मीटर, तिथला दाब २.१ बार. डाइव्ह ४५ मिनिटांची. १,५५४ ला २.१ नं भागा, मग ४५ नं. मिनिटाला साधारण १६.४ लिटर येतात, जमिनीवरच्या दाबाच्या हिशेबात. हा आकडा डाइव्हमागून डाइव्ह लिहीत गेलं, की आपण केव्हा शांत होतो आणि केव्हा धसका घेतला होता ते कळतं. माझ्या मित्राचा आकडा माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. हे आम्हाला आधी माहीत असतं, तर त्या दिवशी वर यायची वेळ आम्ही माझ्या काट्यावरून ठरवली नसती.

आणखी एक छोटी सूचना. नोंद उतरवण्याआधी यंत्राचं घड्याळ तपासा. परदेशी जाऊन आल्यावर वेळ बदलायचं राहून गेलं असेल, तर सगळी यादी सरकते आणि त्याच डाइव्ह दोनदा दिसू लागतात. नोंदींची प्रत दुसऱ्या जागी ठेवा. सबसरफेसची स्वतःची दूरसाठवणीची सोय आहे, आणि तीही गिटवरच चालते, त्यामुळे नोंदीतल्या बदलांचा इतिहासही राहतो. पण घरच्या एका पेन ड्राइव्हवरही प्रत असू द्या. फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. उद्या सबसरफेस राहिलं नाही, तरी ती उघडून तारीख, खोली, वेळ डोळ्यांनी वाचता येईल. मला या प्रोग्रॅममधली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

आणि एक ताकीद. पुढच्या डाइव्हचा आराखडा करण्याची सोयही यात आहे, ब्यूलमानच्या गणितावर बेतलेली. ती पाहून कुणी शिक्षणाशिवाय पाण्यात उतरायचा विचार करू नये. प्रोग्रॅम स्वतःच तसं बजावतो. गणितातल्या सोळा कप्प्यांचं शरीर आणि आपलं खरं शरीर यांत फरक आहे. झोप झालेली नसेल, पाणी कमी प्यायलं असेल, पाणी थंड असेल, यातलं काहीही त्या समीकरणांना पुरतं कळत नाही.

आपल्या रोजच्या जगण्यातल्या कितीतरी नोंदी आता यंत्रं ठेवतात. रक्तातली साखर, हृदयाचे ठोके, रोजची पावलं, घराचं वीजबिल, दुकानाचा हिशेब. यंत्र घेताना आपण किंमत विचारतो, हमी किती वर्षांची ते विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : यातली माझी नोंद मला बाहेर काढता येईल का, आणि तुमचा प्रोग्रॅम बंद पडला तर ती मला वाचता येईल का? दुकानदार गोंधळेल. गोंधळू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर मिळतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं पुन्हा मालवणला गेलो होतो. मित्राच्या मनगटावर त्याचं स्वतःचं यंत्र होतं. पाणी गढूळ होतं, फारसं काही दिसलं नाही. त्यानं ८० बारला खूण केली आणि आम्ही निघालो. संध्याकाळी खोलीवर दोघांच्या नोंदी उतरवून घेतल्या. रेघ शेवटपर्यंत हिरवी होती. पाच मीटरवर आम्ही तीन मिनिटं वीस सेकंद थांबलो होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)